ताईच्या बांधीतली मातीची बाई

माझ्या तोंडातून तो शब्द निघाला तेव्हा उत्खननाच्या ट्रेंचमध्ये आम्ही नऊ बायका होतो. एप्रिलचे शेवटचे दिवस, सकाळचे साडेदहा, आणि वर ताणलेल्या हिरव्या जाळीतूनही ऊन पाठीला लागत होतं. राखेच्या एका थरात मी कुंच्याने माती झाडत होते. आधी गोलसर काहीतरी दिसलं, मग कंबर, मग दोन स्तन. तळहातात मावेल एवढी, न भाजलेल्या कच्च्या मातीची बाई. डोकं नव्हतं, पाय मांड्यांपाशी तुटलेले. वीस वर्षं मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते, उन्हाळ्यात कुठे ना कुठे उत्खननावर असते, आणि असली वस्तू तोवर फक्त फोटोत आणि काचेआड पाहिली होती. मला राहवलं नाही. मी ओरडले, "मातृदेवता! मातृदेवता मिळाली!"

कोणी मला काही विचारलंही नव्हतं.

माझ्या शेजारी घमेलं घेऊन उभ्या असलेल्या मावशींनी घमेलं खाली ठेवलं आणि हात जोडले. मावशींची साठी उलटली होती, कामावरच्या बायका त्याच जमवून आणायच्या. त्यांनी हात जोडले म्हटल्यावर बाकीच्या सातजणींनीही जोडले. मी मात्र मोजपट्टी ठेवून फोटो काढण्यात गुंग होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत गावात बातमी पोचली होती की तलावाखाली देवी निघाली.

गावाचं नाव लिहीत नाही. तुमसरहून नाकाडोंगरीकडे जाताना एका फाट्यावरून आत वळावं लागतं, एवढं पुरे. गावाला लागून तलाव आहे. तलावाच्या पाळीखालची पहिली बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, एका विधवा बाईची. पाणी सोडलं की सगळ्यात आधी तिच्या बांधीत येतं, त्यामुळे पाऊस मधेच दडी मारून बसला तरी तिचं धान उभं राहतं. त्या बांधीत नांगरताना जुनी काळी-तांबडी खापरं वर यायची, म्हणून रीतसर परवानगी काढून आम्ही तिथे खणायला गेलो.

तिला मी ताई म्हणायचे, वयाने आम्ही सारख्याच असलो तरी. नवरा गेल्यावर तिने दोन मुलींना या एका बांधीवर शिकवलं. थोरली नर्सिंगला होती, धाकटी बारावीला. तिच्या सासऱ्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात देव नाहीत. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि खाली मुलींची पुस्तकं. आमच्यासाठी तिने त्या वर्षीचं उन्हाळी धान लावलं नव्हतं. तिची अट एकच होती. "मृगाच्या आंत माही बांधी होती तशी करून द्या जी म्याडम. पऱ्हे तिथीच टाकाचे आहेत मले." पऱ्हे म्हणजे नंतर उपटून रोवायची धानाची रोपं. मी हो म्हणाले होते. मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते.

आता तो शब्द माझ्या तोंडात आला कुठून? आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. जमिनीतून मातीचा बैल निघाला तर ते खेळणं, चाक निघालं तर तेही खेळणं, आणि बाई निघाली की देवी. युरोपात हिमयुगातल्या माणसांनी कोरलेल्या लठ्ठ, बिनचेहऱ्याच्या बायका सापडल्या, तेव्हा आधीच्या विद्वानांनी त्यांना रोमनांच्या प्रेमदेवतेचं नाव देऊन टाकलं, काहींनी तर चेष्टेनंच. पुढच्यांनी मोठे स्तन आणि मोठं पोट पाहिलं आणि सुफलनाचं प्रतीक म्हणाले. मग कोणी अख्ख्या जगाची एकच आदिमाता उभी केली. तिच्या राज्यात म्हणे लढाया नव्हत्या. विशीत असताना मला हे फार आवडायचं, मैत्रिणींना मी ते डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. नंतरच्या लोकांनी विचारलं, पुरावा काय? गरोदर बाईने मान खाली घालून स्वतःचं अंग पाहिलं तर ते असंच दिसतं, म्हणजे या बायकांनीच स्वतःच्या घडवल्या असतील, असं एक मत. बाहुल्या असतील, हे दुसरं. मुलींना बाळंतपण समजावून सांगायला केलेल्या असतील, किंवा काही विधी करून, मोडून, उकिरड्यावर टाकायच्या असतील, अशीही मतं आहेत. आपल्या दख्खनमधल्या एका जुन्या वस्तीत घराच्या जमिनीखाली, मातीच्या डबीत झाकून ठेवलेली बिनडोक्याची बाई मिळाली. तिच्याबद्दलही खात्रीने काही सांगता येत नाही.

हे सगळं मी दर वर्षी वर्गात शिकवते. मूर्ती दिसली की लगेच देवी म्हणू नका, हे मुलांकडून वहीत लिहून घेते. आणि त्या दुपारी पुरावस्तूंच्या नोंदवहीत मी माझ्या हाताने लिहिलं: मातृदेवता, कच्ची माती, भग्न. नोंदवहीत रकाना असतो, तो रिकामा ठेवायची आम्हाला सवय नाही. स्वतःचा राग येतो तो याच गोष्टीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर ट्रेंचच्या काठावर शेंदूर फासलेला एक गोटा होता. त्याच्यापुढे नारळ, बाजूला बांबूला बांधलेली लाल झेंडी. बायका बांधावरच थांबल्या. मी खाली उतरा म्हणाले, कोणी हललं नाही. "देवीच्या अंगावर पाय कसा देवाचा जी?" मावशी म्हणाल्या. मूर्ती मी आदल्या दिवशीच पेटीत बंद करून भंडाऱ्याला पाठवली होती, पण त्याने काही फरक पडत नव्हता. देवी जिथे निघाली ती जागा तिची, असा तिथला साधा हिशेब होता.

थोड्या वेळाने ताई आली. तिने झेंडीकडे पाहिलं, गोट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सरपंच संध्याकाळी भेटायला आले. माणूस मवाळ, हात जोडून बोलणारा. गावात सप्ताह असो की कोणाच्या घरचं मरण, धावून जाणारा. त्यांना ताईचं वाईट करायचं नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. ते म्हणाले, "एक लहानसं देऊळ होईन, बाकी काही नाही. बाईले आमी बदल्यात दुसरी जागा देऊन राहिलो ना. बरडावरची."

"बरडावर धान होतं का?" मी विचारलं.

"आता ते देवाच्या हाती. पन म्याडम, तुमीच तं म्हणलं देवी आहे म्हणून. साऱ्या बायायनं आयकलं. आमी कुठी म्हणलं?"

मी चिडून काहीतरी पुटपुटले आणि गाडीत बसले.

मे महिना वाईट गेला. ट्रेंच उघडा पडलेला, पुरुषभर खोल. काम बंद. तो बुजवायला कोणी तयार नाही, कारण गोटा हलवायला कोणी तयार नाही. मी आसपासच्या गावांतून मजूर विचारले, थेट सिहोऱ्यापर्यंत जाऊन आले. बातमी माझ्या आधी पोचलेली असायची. जेसीबीवाल्याने तर फोनच बंद करून ठेवला. मृग जसजसा जवळ येत होता तसतशी ताई माझ्याशी कमी बोलत होती. पऱ्हे पडले नाहीत तर रोवणी नाही, आणि रोवणी नाही तर धाकटीचं पुढचं शिक्षण नाही. हे तिने मला एकदाच सांगितलं, चहाचा कप माझ्या हातात देताना, माझ्याकडे न बघता.

त्यातच गावात तापाची साथ आली. घरटी एक माणूस अंथरुणावर. काहीजण म्हणू लागले, देवी उघड्यावर आहे म्हणून ती कोपली.

मावशीही तापाने पडल्या होत्या. मी त्यांना बघायला गेले तेव्हा अंगणात खाटेवर उठून बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "म्याडम, मी गंज इचार केला. ते सापडलं कुठी? राखेत. हाडकं अन् खापरं होते बाजूले. मुंडकं तोडलेलं. देवीले कोनी राखेत टाकते का जी? मले तं ते मारबत वाटते."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गावोगाव मारबत, म्हणजे बाईचा पुतळा, गावाबाहेर टाकतात. रोगराई घेऊन जा म्हणत तिला शिवेपार नेतात, मोडतात, जाळतात. मी त्या खाटेपुढे तोंड उघडं टाकून बसले. मंतरायची, मोडायची आणि फेकायची बाई, हे मत मी पुस्तकांतून शिकले होते, ते परदेशातल्या विद्वानांनी पानंच्या पानं भरून मांडलेलं. मावशींनी एकही पान न वाचता, फक्त वस्तू कुठे पडली होती ते नीट बघून, तेच सांगितलं. मी बघितलं होतं तेव्हा मला ती राख दिसली नव्हती का? दिसली होती. नोंदही केली होती. तरी देवी म्हणाले.

परतताना गाडीत माझं डोकं भराभर चालू लागलं. सरपंचांना एवढंच सांगायचं, मारबत आहे. संध्याकाळपर्यंत झेंडी उतरली असती. एकदा टाकलेली मारबत कोणी परत गावात ठेवत नाही, तिला देऊळ बांधणं तर लांबच. मी फोन हातात घेतला. नंबर लावलासुद्धा. आणि मग आठवलं की गावात ताप आहे. गावाची पीडा कोणाच्या बांधीतून वर आली, हे विचारायला कोणाला किती वेळ लागला असता? बोट ताईकडेच गेलं असतं, तिच्या मुलींकडे गेलं असतं. शिवाय मारबत आहे हे तरी मला कुठे माहीत होतं? फोन लागायच्या आत मी तो बंद केला. एका शब्दाने एवढं करून ठेवलं होतं, दुसरा काढायची माझी छाती झाली नाही.

मे संपता संपता ग्रामसभा झाली. ग्रामपंचायतीपुढच्या मांडवात सकाळी नऊलाच गर्दी होती. ताई मागे, खांबाला टेकून बसली होती. मी नोंदवही बरोबर नेली होती. सगळ्यांसमोर ती उघडली, 'मातृदेवता' या शब्दावर रेघ मारली, शेजारी सही केली. म्हणाले, "चूक माझी आहे. मी घाईने बोलले. ही बाईची मूर्ती आहे एवढंच मला ठाऊक आहे. ती देवी आहे असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही."

सरपंच शांतपणे म्हणाले, "मंग देवी नाही असं लिवून द्या."

"तेही मला लिहिता येणार नाही."

"काहून जी?"

"मला माहीत नाही म्हणून."

मांडवात हसू पिकलं. मागून कोणीतरी ओरडलं, "वीस वर्सं शिकवून राहिल्या, अन् माईत नाही!"

माझं डोकं सणकलं. "हो, नाही माहीत! मलाच काय, जगात कोणालाच माहीत नाही. जिने ही घडवली ती हजारो वर्षांपूर्वी मेली, सांगून गेली नाही. बाईनंच घडवली हेसुद्धा मी सांगू शकत नाही!" माझा आवाज चिरकला. इतक्या लोकांसमोर इतकं लहान मला कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा ताई उठली. "मले कोनाच्या देवीचा राग नाही," ती म्हणाली. "म्याडमले माईत नाही, तुमाले माईत नाही. मले येवढं माईत आहे, का बरडावर धान होत नाही. माह्या दोन पोरी त्या बांधीवर वाढल्या. तुमी सारे आले होते ना जी माह्या मालकाच्या मातीले? मंग आता काहून असं करून राहिले?"

पुढे बसलेल्या दोघातिघांनी माना खाली घातल्या. काही मात्र हटायला तयार नव्हते, त्यांची कुजबुज चढू लागली, आणि मला वाटलं आता हातातून गेलं. मावशी तापातून नुकत्याच उठलेल्या, काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या. "गोटा आपल्या मातामायजवळ नेऊन ठेवू," त्या म्हणाल्या. "तिच्या ओट्यावर कितीक गोटे आहेत, एक अजून. देवी असन तं मातामायच्या बाजूले बसन. नसन तं गोटा गोट्यात जाईन. आमी बाया नेतो. कोनाले भेव वाटते त्यानं घरी रावं."

गावाच्या वेशीवरची मातामाय ही देवी बायकांचीच. तिच्या बाबतीत मावशींचा शब्द खोडायची कोणाची टाप नव्हती. सरपंचांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "चाला, ठरलं. पन एक गोष्ट आता सांगून ठेवतो. बुजवता बुजवता पुन्हा असंच काही निघालं, तं मंग ते जागा देवीचीच. तवा कोनी आडवं येऊ नका. मंजूर?"

लोक मंजूर म्हणाले. ताईने मान हलवली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मीही हलवली.

त्याच दिवशी बायकांनी गाणी म्हणत गोटा नेला. दुसऱ्या सकाळी आम्ही बुजवायला लागलो. ट्रेंचच्या तळाला प्लास्टिकचा कागद अंथरतात, म्हणजे पुढे कधी कोणी खणलं तर आधी इथवर खणून झालंय हे कळावं. तो अंथरला, वर माती टाकू लागलो. मी प्राध्यापक आहे वगैरे विसरून घमेली वाहिली. हाताला फोड आले. सरपंच रोज एक फेरी मारायचे, बांधावर मोटारसायकल लावून बघत उभे राहायचे. बोलायचे गोडच. पण नजर मातीवर असायची.

चौथ्या दिवशी काम आटोक्यात आलं. मृगाला तीन दिवस होते. बारा वाजता बायका पळसाच्या सावलीत डबे सोडून बसल्या. ताई आणि मी उरलेल्या खड्ड्यात होतो, कंबरेएवढा राहिला होता. काठावरची माती खाली ओढायला तिने फावडं मारलं आणि बाजूची कड धपकन ढासळली. राखेचा तोच थर. ढिगातून काहीतरी घरंगळत तिच्या पायापाशी आलं.

ती वाकली आणि उचललं. अंगठ्याने माती पुसली. मला दोन हातांवरून दिसलं. कंबर होती, पोट होतं. आणि मान होती, मानेवर चिमटीने दाबून केलेलं डोकंही होतं. आपल्याकडच्या अशा जुन्या मूर्तींपैकी शाबूत डोक्याच्या किती थोड्या आहेत, हे मला पुरतं ठाऊक होतं. राखेत टाकलेल्या दोन बायका, एक मोडलेली आणि एक सबंध. मावशींचं बरोबर की चूक, ते कदाचित त्या दोघींना शेजारी ठेवून ठरवता आलं असतं. हात आपोआप पुढे झाला.

बांधावरून सरपंचांचा आवाज आला. "काय व्हय वो?"

ताईने ती वस्तू झाकली नाही, लपवली नाही. उघड्या तळहातावर धरून ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावरून घामाचा ओघळ डोळ्यात जात होता, तो तिने पुसला नाही. सरपंच दोन पावलं पुढे आले. त्यांना उन्हात नीट दिसत नसावं, त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"म्याडम, काय निघालं?"

काय म्हणायचं ते त्या वेळी मला पहिल्यांदाच अगदी खात्रीने माहीत होतं.

"ढेकूळ," मी म्हणाले. "मातीचं ढेकूळ आहे."

ताईने हात तिरपा केला. मातीची बाई खड्ड्यात पडली, उताणी, आणि क्षणभर तशीच दिसत राहिली. मी भरलेलं घमेलं उचललं आणि तिच्यावर उपडं केलं, मग दुसरं भरायला वाकले.